तिन्हीसांजेचं बसणं

आमच्या सोसायटीच्या महिला मंडळाने मध्यंतरी मला ध्यानाच्या फायद्यांवर बोलायला बोलावलं होतं. सेक्रेटरीबाई घरी आल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, "मावशी, पाच-सहा पॉइंट्स काढून ठेवा, म्हणजे मला ग्रुपवर टाकता येतील. झोप सुधारते, बीपी उतरतं, असं काहीतरी." मी म्हटलं, पॉइंट्स नाहीत माझ्याकडे, एका भांडणाची गोष्ट आहे, ती सांगेन. त्यांचा चेहरा पडला. पुढे त्यांनी मधुमेहावर बोलायला एका डॉक्टरांना आणलं आणि माझं व्याख्यान राहून गेलं ते गेलंच. बरं झालं. मला या फायद्यांच्या भाषेचा रागच येतो. झोप सुधारते हे खरं आहे, माझी सुधारली होती. पण बाईमाणसाने घरात डोळे मिटून नुसतं बसायचं, तर आधी कुणाकुणाशी दोन हात करावे लागतात, ते कुठल्याच ग्रुपवर येत नाही. म्हणून ते इथे लिहितेय.

आम्ही शहरातली चाळ सोडून भाईंदर पश्चिमेला आलो तेव्हा नातेवाईक विचारायचे, "काय, मिठागरात राहायला गेलात म्हणे?" विचारण्यात कुचकेपणा असला तरी ते खोटं नव्हतं. गच्चीवर गेलं की मिठाचे पांढरे ढीग दिसायचे आणि वारा उत्तनच्या बाजूने फिरला की वाळत घातलेल्या बोंबलांचा वास थेट तिसऱ्या मजल्यावर यायचा. आई तो वास आला की म्हणायची, चला, आज वासावरच भात जेवू. घरात आम्ही चौघं. बाबा फोर्टमधल्या एका कचेरीत कारकून. आई. मी, विजू. आणि आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिला फार लवकर वैधव्य आलं आणि ती माझ्या जन्माच्या आधीपासून भावाच्या घरी होती. घर हॉल-किचनचं, पण आत्याचा आवाज चार खोल्यांना पुरेल एवढा. ती देवाशीही त्याच आवाजात बोलायची.

त्या घरातले आवाज मला अजून ओळीने आठवतात. सकाळी आईचा पाटा, बाबांचं खाकरणं, समोरच्या कांताबेनचा रेडिओ. त्यावर गुजराती भजन सुरू झालं की आत्या ईर्ष्येने आपली मराठी आरती चढ्या सुरात धरायची. पाणी दिवसाआड यायचं, तेही संध्याकाळी आणि थोडा वेळ. कुणीतरी जिन्यातून "पाणी आलंऽऽ" म्हणून ओरडलं की सगळ्या इमारतीत बादल्या, पिंपं, कळशा एकदम वाजायला लागायच्या. पाणी भरताना जी भांडणं व्हायची ती गुजराती, हिंदी, मराठी सगळ्या भाषांत सारख्याच उत्साहाने व्हायची. या सगळ्यात मी कॉलेजात जात होते आणि माझी तब्येत ठीक नव्हती. म्हणजे ताप नाही, खोकला नाही. पोटात सतत पीळ. रात्री छताकडे बघत पडायचं. कुणी जरा मोठ्याने बोललं की हात थरथरायचे आणि हातात असेल ते मी फेकायचे. एकदा आमटीचा डाव फेकला, तो आत्याच्या तुळशीला लागला. आत्या म्हणाली, हिच्या नाकावरच राग आहे, हिला कोण करून घेणार! डॉक्टरांनी टॉनिक दिलं. ते गोड होतं, एवढाच त्याचा गुण.

बसायला शिकवलं ते डिमेलोबाईंनी. त्या आम्हाला कॉलेजात गणित शिकवायच्या, उत्तनहून बसने यायच्या आणि साडीला कायम इस्त्री कडक. मधल्या सुट्टीनंतर वर्गात मासळीबाजार असायचा. बाई टेबलावर डस्टर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "डोळे मिटा. श्वास आत येतोय, बाहेर जातोय, तेवढंच बघा. ओढू नका, ढकलू नका. देवाचं नाव घ्यायचं असेल तर आपापल्या घरी जाऊन घ्या." एका मुलीने विचारलं, "बाई, याने काय होतं?" बाई एरवी पुस्तकी बोलायच्या, पण वैतागल्या की उत्तनची बोली बाहेर यायची. "काय व्हायचं हाय? काय न्हाय होत. गप बस." एवढीच माझी दीक्षा. मला त्या 'काय न्हाय होत'चंच अप्रूप वाटलं. आमच्या घरात जे काही केलं जायचं ते कशासाठी तरी असायचं. उपास नवऱ्यासाठी, अभ्यास मार्कांसाठी, गच्चीवर फिरणंसुद्धा वाळवण राखण्यासाठी.

घरी बसायला जागा एकच होती, दाराजवळ, चपलांची फळी आणि भिंत यांच्या मधली. दार दिवसभर उघडंच असायचं, भाईंदरला वाऱ्यासाठी सगळेच उघडं ठेवायचे. आणि वेळही एकच, तिन्हीसांजेची. कॉलेजातून आलेलं असायचं, भात स्टोव्हवर असायचा, बाबा यायला अवकाश असायचा. नेमकी तीच वेळ आत्याच्या दृष्टीने सर्वांत वाईट. लक्ष्मी यायच्या वेळी दारात डोळे मिटून बसतात का? "कोण मेलंय म्हणून बसलीयेस?" ती विचारायची. बाबांनी एकदा पाहिलं आणि आईला म्हणाले, "हिला सांग, हे रिकामे धंदे बंद कर म्हणावं. बघायला येणाऱ्यांच्या कानावर गेलं तर म्हणतील मुलीच्या डोक्यावर परिणाम आहे." आई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "बसू दे हो. तेवढा वेळ काही फेकत तरी नाही."

पहिले कित्येक दिवस काहीच झालं नाही, बाई म्हणाल्या होत्या तसंच. डास चावले, पाय बधिर झाले, डोळे मिटले की आत्याशी न केलेली भांडणं आठवायची आणि मी मनातल्या मनात ती जिंकायचे. मग एका संध्याकाळी दूध उतू गेलं आणि आत्या नेहमीसारखी कडाडली. मी उठून गॅस... नाही, आमच्याकडे तेव्हा गॅस कुठला, स्टोव्हची वात खाली केली, ओटा पुसला, आणि पुसता पुसता लक्षात आलं की माझा हात थरथरत नव्हता. राग आला होता. चांगला सणसणून आला होता. पण तो येणं आणि मी काहीतरी फेकणं यांच्यामध्ये थोडी जागा झाली होती आणि त्या जागेत मी उभी राहू शकत होते. मग हळूहळू बाकीचं. जेवताना चव लागायला लागली, जवळ्याच्या चटणीत आई कोकम किती घालते ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. रात्री पाठ टेकली की झोप यायची. पोटातला पीळ गेला. मी शांत वगैरे झाले नव्हते. उलट आता मला नीट, न थरथरता भांडता यायला लागलं. माझी नात फोनवरच्या कुठल्याशा बाईच्या सूचना ऐकत ध्यान करते आणि संपल्यावर तिला फोनवर एक फूल मिळतं. मी तिला म्हणते, चांगलंय. पण मला माझ्या घरात ते फूल कुणी दिलं नसतं आणि दिलं असतं तर मी घेतलं नसतं.

आता खरी गोष्ट. एका शुक्रवारी मी न्हाले होते. केस लांब होते, वाळायला मोकळे सोडले होते, आणि तशीच दारात बसले. समोरून कांताबेन बाहेर आल्या. मोकळे केस, मिटलेले डोळे, शुक्रवार, तिन्हीसांज, शिवाय डासामुळे मी जराशी हललेही असेन. त्यांनी हातातली बादली खाली ठेवली आणि ओरडल्या, "अरे, माताजी आव्यां छे! विजूच्या अंगात माताजी आव्यां छे!" मग माझ्यापुढे पदर पसरून त्यांनी विचारलं, "माताजी, अमारा गॅसचा नंबर कधी लागेल?" त्या काळी गॅससाठी नाव नोंदवून माणसं वर्षानुवर्षं वाट पाहायची. मला वाटलं, एका शब्दात या जातील तर बरं. डोळे न उघडता म्हटलं, "लागेल." त्याच आठवड्यात कांताबेनकडे गॅसची शेगडी आली. पुढे काय झालं असेल ते तुम्हीच ताडा. पुढच्या शुक्रवारी आमच्या जिन्यात चपलांना जागा नव्हती.

मी सगळ्यांना सांगितलं, देवी-बिवी काही नाही, मी नुसती बसते. त्यावर एक बाई दुसरीला कौतुकाने म्हणाली, खरी देवी कधी स्वतःहून कबूल करत नाही. बोला आता! आणि सर्वांत मोठा पालट आत्यात झाला. काल-परवापर्यंत माझ्या नावाने बोटं मोडणारी आत्या माझ्यासाठी पाट मांडायला लागली, रांगोळी काढायला लागली. कोण कशासाठी आलंय ते विचारून ती बायकांना पुढे-मागे बसवायची. हळदीकुंकवाला जिला कुणी बोलवत नसे, त्या बाईला आता सवाष्णी येऊन नमस्कार करून विचारत, "आत्याबाई, आज दर्शन होईल ना?" तिचा आवाजसुद्धा खाली आला होता. बाबांचंही तेच. जिन्यात ज्यांनी कधी मान हलवली नव्हती ते आता त्यांना थांबून नमस्कार करत. त्यांनी एकदाही मला विचारलं नाही की तुझ्या अंगात खरंच काही येतं का. दारात बसू नको म्हणणंही त्यांनी त्याच आठवड्यापासून सोडलं. आई तेवढी भाकरी थापता थापता म्हणाली, "चार दिवस कळ काढ, विजू. लोक कंटाळतात."

लोक कंटाळले नाहीत, माझं बसणं मात्र गेलं. उदबत्तीच्या धुराने श्वास बघणं सोडा, घेणंही कठीण झालं. पायाशी फुलं, मांडीवर नारळ, आणि प्रत्येकीचे डोळे माझ्या तोंडाकडे. मी गप्पच बसायचे, तर माझं गप्प बसणंही कौल म्हणून धरत. उजवीकडे मान वळली तर हो, डावीकडे वळली तर नाही. पोटातला पीळ परत आला. एका रात्री मी जेवताना वाटी फेकली, खूप दिवसांनी. आत्या हात जोडून म्हणाली, "देवी कोपली."

आमच्या वरच्या मजल्यावर सावंतकाका राहायचे. त्यांची भारती माझ्याच वयाची, माझी एकुलती एक जिवाभावाची मैत्रीण. तिला नर्सिंगच्या ट्रेनिंगचं बोलावणं आलं होतं, हॉस्टेलवर राहायचं होतं. सावंतकाका ऐकायलाच तयार नव्हते. आमच्या घरातल्या मुली बाहेर राहत नाहीत, परक्या पुरुषांना हात लावत नाहीत, एवढं बोलून ते पेपरात तोंड घालायचे. मग कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं की खाली देवी आहे, तिला विचारा. शुक्रवारच्या आदल्या दिवशी भारतीने मला गच्चीवर गाठलं. दोरीवरचे कपडे काढता काढता म्हणाली, "उद्या बाबा येतायत तुझ्याकडे."

"माझ्याकडे काय आहे?"

"नाटक नको करूस. तू फक्त 'पाठव' म्हण. एवढंच. एक शब्द. बाबा देवीचं ऐकतील, माझं ऐकणार नाहीत."

"भारती, मी हो म्हटलं ना, तर मी जन्मभर त्या पाटावर बसलेली राहीन. मग मला कुणी उठू देणार नाही."

"आणि नाही म्हटलंस तर मी जन्मभर या गच्चीवर कपडे वाळत घालत राहीन," ती म्हणाली आणि बादली उचलून निघून गेली.

मी त्या रात्री झोपले नाही. तिचं बोलणं खरं होतं आणि माझंही. खोटी देवी होऊन मी तिला सोडवू शकत होते. आजही लोक मला सांगतात, एका शब्दाने एका मुलीचं भलं होत असेल तर बोलायला काय जातं? काय जातं ते मला विचारा. त्या घरात माझी म्हणून एकच गोष्ट होती, ती देवाची नव्हती, नवऱ्याची नव्हती, मार्कांची नव्हती. ती मी देवीला दिली की संपलंच. आणि भारतीचं जाणंही मग देवीच्या मर्जीचं झालं असतं. उद्या कुणी येऊन विचारलं असतं, आता परत बोलावू का, आणि मी डावीकडे मान वळवली असती तर?

शुक्रवारी जिना भरला. आत्याने पाट मांडला, माझे केस स्वतःच्या हाताने मोकळे केले. मी बसले. सावंतकाका भारतीला घेऊन आले, दोघं पुढे बसले. काकांनी एरवीचा दरारा बाजूला ठेवून हात जोडले आणि विचारलं, "आई, पोरीला बाहेर पाठवू का घरी ठेवू?" खालच्या मजल्यावरचा नळ ठिबकत होता, तो ऐकू येत होता. भारती माझ्याकडे बघत होती. मी डोळे उघडले. दोन्ही हात मागे नेले, केस गोळा केले आणि सगळ्यांसमोर घट्ट अंबाडा बांधला. केस बांधलेल्या बाईच्या अंगात देवी येत नाही, हे तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं. आत्या म्हणाली, "अगं, अगं!"

"काका," मी म्हटलं, "देवी नाही. नव्हतीच कधी. विजू बोलतेय. भारतीला पाठवा. हुशार आहे ती. तिला जायचंय."

काकांचे हात खाली आले आणि दरारा परत आला. "देवी नाही, तर मग तू कोण गं सांगणारी?"

उत्तर भारतीने दिलं. ती उठली. तिचा आवाज चिरकला होता, पण शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू गेला. "विजू कुणी नाही. मग मी सांगते, बाबा. मी जाणार."

ती गेली. सरळ गेली असं नाही. घरात अबोला झाला, तिच्या आईने जेवण सोडलं, काकांनी मामाला बोलावून घेतलं. पण ज्या दिवशी हजर व्हायचं होतं त्या दिवशी ती ट्रंक घेऊन जिना उतरली. पुढे मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन होऊन रिटायर झाली. अजून भेटली की मला टोमणा मारते, "तू देवी झाली असतीस तर बाबा मला सोडायला तरी आले असते. ट्रंक मी एकटीने उचलली." मी म्हणते, उचललीस ना?

त्या संध्याकाळी जिना रिकामा झाल्यावर आत्या पाटाजवळच बसून राहिली. मला वाटलं ती शिव्या देईल. तिने दिल्या नाहीत. रांगोळी पदराने पुसत म्हणाली, "माझं काय अडलं होतं गं तुझ्यावाचून? पण चार बायका मला विचारत होत्या." मला रडू आलं. मी तिच्याजवळ बसले, पण जे केलं त्याबद्दल माफी मागितली नाही, कारण मला माफी मागायची नव्हती. बाबा आले ते जिन्यातच सगळं ऐकून आले होते. इतका संताप मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता. "लोकांत तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीस. उद्यापासून ते बसणं बंद. देवी नाही तर बसायचं कशाला?"

"देवीसाठी बसले तर चालत होतं," मी म्हटलं. "माझ्यासाठी बसले तर चालत नाही?"

"नाही चालत," बाबा म्हणाले. निदान ते खरं बोलले.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला मी भात स्टोव्हवर ठेवला, हात पुसले आणि दाराजवळ जाऊन बसले. पाट नाही, नुसती फरशी. केस घट्ट बांधलेले. दार उघडं. कांताबेन समोरून आल्या, थबकल्या, काही न विचारता आत गेल्या आणि रेडिओ लावला. एक-दोघी सवयीने जिना चढून आल्या, थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि काही मिळत नाही म्हटल्यावर परत गेल्या. आई आत भांडी लावत होती, ती भांडी लावायची थांबली, तेव्हा मला कळलं की बाबांची पावलं जिन्यात आली आहेत. पावलं दारात थांबली. बुटांच्या चामड्याचा वास आला. श्वास अर्ध्यावर अडकला, मग तो बाहेर गेला, आणि मग पुढचा आत आला.

"विजू, ऊठ," बाबा म्हणाले.

आत्या म्हणाली, "ऊठ गं बाई, ऊठ."

"ऐकलं, बाबा," मी म्हटलं. आवाज थरथरला नाही. "माझं झालं की उठते."

ते तिथेच उभे राहिले. पाणी आल्याचा ओरडा झाला, जिन्यात बादल्या वाजल्या, भाताचा वास सुटला. बाबा उभे होते, आणि मी बसले होते. माझं झालं तेव्हाच मी उठले.